हेगच्या न्यायालयात मराठी सरंजाम

(रिद्धपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आंतरराष्ट्रीय कायद्यावर बोलायचे, तेही रिद्धपुरात, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु म्हाइंभटांच्या या भूमीत शब्द आणि त्याचा नेमका अर्थ प्राणापलीकडे जपला गेला, आणि आजचा विषय शब्दांच्या अर्थाचाच आहे. मी वकील नव्हे, पत्रकार आहे. तेव्हा कलमांपेक्षा कथेवर माझा भर राहील.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या संग्रामातील राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपल्या घराघरांत परिचित आहेत. त्यानंतरचा हेगमधील संग्राम मात्र आपण जवळजवळ विसरलो. पोर्तुगालने 19 डिसेंबर 1955 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि त्या मान्यतेची प्रत भारताच्या हाती पडण्यापूर्वीच, 22 तारखेला, भारताविरुद्ध दावा ठोकला! दमणहून दादरा-नगर हवेलीत सैन्यासह जाण्याचा आपला हक्क आहे, असे त्याचे म्हणणे. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले.

पोर्तुगालचा मुख्य आधार होता पेशव्यांशी 1779 मध्ये झालेला तह आणि त्यामागून आलेल्या 1783 व 1785 च्या सनदा. बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख त्यात नेमून दिलेला. प्रश्न असा उभा राहिला की, मराठ्यांनी नेमके दिले काय? राज्य, की केवळ महसूल? पुणे दरबारच्या शब्दांचा कीस हेगमध्ये पडला. सरंजामदार गावाचा वसूल घेतो, म्हणून तो गावाचा राजा ठरत नाही, हे वऱ्हाडातील जुन्या देशमुख-देशपांडे घराण्यांना सांगावे लागत नाही. न्यायालयानेही तेच मानले : मराठ्यांनी दिला तो जहागीर वा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे.

अर्थात गोष्ट तेथे संपली नाही. पुढे इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता मान्य केली आणि सव्वाशे वर्षांत एक वहिवाट पडली. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मोकळी. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना मात्र परवानगी आवश्यक. 12 एप्रिल 1960 च्या निकालात ही वहिवाटच निर्णायक ठरली. सैन्य नेण्याचा अधिकार आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. एका मताचे अंतर! भारताने 1954 मध्ये आपले कर्तव्य मोडले नाही, असेही न्यायालयाने नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरवले.

दोन राष्ट्रांमधील विशिष्ट वहिवाट सर्वसाधारण नियमावर मात करते, हे त्या निकालाचे सूत्र. आता विचार करा. प्रत्येक जोडीची वहिवाट वेगळी. व्यापार, समुद्र, मानवाधिकार यांचे करार वेगळे आणि त्यांची न्यायपीठेही वेगळी. मग जगाचा कायदा एक कसा राहणार? यालाच अभ्यासक आंतरराष्ट्रीय कायद्याचे विखंडन म्हणतात. 2006 मध्ये मार्टी कोस्केनिएमी यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने त्यावर विस्तृत अहवाल सिद्ध केला. शाखा कितीही फुटल्या तरी करारांचा अर्थ लावण्याचे समान नियम, म्हणजे 1969 चा व्हिएन्ना करार, त्यांना बांधून ठेवतो, असा त्याचा आशय. आपल्या परिभाषेत सांगायचे तर, उपाध्ये आणि कवीश्वर हे आम्नाय वेगळे, पण सूत्रपाठ एक.

हे बंधन किती उपयोगी पडते, ते कुलभूषण जाधव प्रकरणात दिसले. 2008 च्या द्विपक्षीय करारात सुरक्षेच्या कारणावरून झालेल्या अटकेची प्रकरणे गुणदोषांवर तपासण्याची मुभा आहे, म्हणून वकिलातीच्या संपर्काचा हक्क लागू नाही, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. विशिष्ट करार सर्वसाधारणावर मात करतो, हेच जुने सूत्र या वेळी आपल्याविरुद्ध वापरले गेले! नागपुरात वाढलेले हरीश साळवे भारतातर्फे उभे होते. 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक मताने निकाल लागला. 1963 च्या वकिलातविषयक करारातील हक्कांना पूरक करार दोन राष्ट्रांना करता येतात, त्या हक्कांना कात्री लावणारे नाही, असे न्यायालयाने सांगितले.

परंतु विखंडनाची किंमतही तेथेच मोजावी लागली. न्यायालयाचे दार या एकाच करारापुरते उघडले होते. मानवाधिकार कराराचा भंग त्याला तपासता आला नाही. सुटकेची भारताची मागणी मान्य झाली नाही; शिक्षेच्या परिणामकारक पुनर्विलोकनाचा आदेश तेवढा मिळाला. त्यासाठीचा कायदा पाकिस्तानने संमत केला तो नोव्हेंबर 2021 मध्ये, म्हणजे निकालानंतर दोन वर्षे उलटून गेल्यावर.