अर्जातील एक रकाना



सभेला उद्देशून ‘सभ्य स्त्रीपुरुषहो’ असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. आज मी तो टाळला आहे; कारण त्या संबोधनात ज्यांना जागा मिळत नाही अशा व्यक्तींविषयीच मला आपणाशी बोलावयाचे आहे. सभेतील संबोधन कानांवरून जाते आणि विसरले जाते. अर्जातील ‘लिंग’ हा रकाना मात्र तसा विसरला जात नाही. आपल्यापैकी बहुतेक जण तेथे विचार न करता खूण करतात; तृतीयपंथी व्यक्तीची लेखणी नेमकी तेथेच थांबते. ती का थांबते, आणि एकच व्यक्ती निरनिराळ्या अर्जांवर निरनिराळे उत्तर का देते, हा आजचा विषय आहे.

दिल्लीला हा समाज नवा नाही. मेहरौलीत लोदी काळातील कबरींचे एक लहानसे आवार आहे. ‘हिजडों का खानकाह’ या नावाने ते ओळखले जाते. सरकारी दप्तरात मात्र या समाजाला एके काळी जागा मिळाली ती संशयित म्हणून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागान्वये वायव्य प्रांतात अशा व्यक्तींची नावे व पत्ते नोंदवहीत लिहिले जाऊ लागले. दिल्लीलगतचे मेरठ व बुलंदशहर हे जिल्हे त्याच प्रांतात मोडत. नाव नोंदले गेलेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात उघडपणे वावरणे हा गुन्हा ठरे. १९११ मध्ये हा भाग रद्द झाला. तथापि, आपले नाव सरकारी कागदावर लिहिले जाणे म्हणजे संकट, हा अनुभव ज्यांच्या पूर्वसूरींनी घेतला, त्यांनी प्रत्येक अर्जाकडे जपून पाहिले तर नवल वाटू नये.

स्वतंत्र भारतातही शिरगणतीने प्रदीर्घ काळ दोनच खाने ठेवले होते. २००१ पर्यंत प्रगणकांना सूचना असे, ती अशा व्यक्तींना पुरुष गणण्याची. २०११ मध्ये प्रथमच ‘इतर’ हा तिसरा पर्याय आला आणि देशात ४,८७,८०३ व्यक्तींची तशी नोंद झाली. त्यांपैकी दिल्लीत ४,२१३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रगणकाला उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो. घरातील मुलगा स्वतःला मुलगा मानत नाही, हे ज्या पित्याला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून मान्य नाही, तो ‘पुरुष’ असेच सांगणार. उलट, याच ‘इतर’ गटात सहा वर्षांपर्यंतची सुमारे ५५ हजार मुले आहेत. दोन वर्षांच्या बालकाने हे उत्तर स्वतः दिलेले नाही, हे उघड आहे. म्हणजे हा आकडा त्या व्यक्तींचा आहे त्याहून अधिक त्यांच्याविषयी बोलणाऱ्यांचा आहे.

आता असा विचार करा की, दिल्लीत राहणारी, जन्मतः मुलगा म्हणून नोंदली गेलेली आणि आज स्त्री म्हणून जगणारी एक व्यक्ती आहे. तिच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पुरुष’ आहे. निवडणूक आयोगाने २००९ मध्ये ‘इतर’ हा पर्याय दिल्यावर मतदारयादीत तिने तो घेतला. आधारच्या अर्जात तिसरा पर्याय होता, म्हणून तेथे ‘तृतीयपंथी’ आले. पॅन क्रमांकाच्या अर्जात मात्र २०१८ पर्यंत दोनच पर्याय होते. म्हणून तेथे तिला त्यांतील एक निवडावा लागला. पुढे पॅन व आधार जोडण्याची सक्ती झाली, तेव्हा दोहोंतील नोंदी जुळेनात. तिने खोटे कोठेच लिहिलेले नाही. प्रत्येक कागदाने जेवढे विचारले, तेवढ्यातून तिने निवड केली. परंतु खिडकीपलीकडील कारकुनाला मात्र ती लबाड वाटते.

कायद्याने हा गुंता सोडविला आणि वाढविलाही. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री यांच्या खंडपीठाने, येथे दिल्लीतच, सर्वोच्च न्यायालयात निर्णय दिला की, आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. २०१९ च्या कायद्याने मात्र निराळी वाट आखली. जिल्हाधिकाऱ्याचे पहिले प्रमाणपत्र ‘तृतीयपंथी’ म्हणून, आणि ‘स्त्री’ वा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतर दुसरे प्रमाणपत्र. म्हणजे न्यायनिर्णयाने जे उत्तर तिच्या स्वाधीन केले होते, त्याला पुन्हा पुराव्याची अट जोडली गेली.

या रकान्यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे निवडणुकांतून दिसते. मध्य प्रदेशातील कटनी शहराने कमला जान यांना स्त्रियांसाठी राखीव असलेल्या महापौरपदावर निवडून दिले; पण त्या स्त्री नाहीत, असे म्हणून न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. पुढे जळगाव जिल्ह्यातील भादली येथे अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला, तोही फेटाळला गेला. परंतु २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला. त्यांनी स्त्री ही ओळख निवडली आहे व पुढे सोयीसाठी त्या ती बदलणार नाहीत, हे न्यायालयाने नोंदविले. अंजली निवडून आल्या. रकाना तोच, उत्तरही तेच. फक्त मधल्या काळात उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीची समजूत बदलली होती.

तर मग हा प्रश्न विचारूच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. रुग्णालयाला तो विचारावा लागतो. रक्तक्षय ठरविताना हिमोग्लोबिनची मर्यादा पुरुषासाठी १३ आणि स्त्रीसाठी १२ ग्रॅम धरतात. संप्रेरकांचे उपचार चालू असतील तर वैद्याला ते ठाऊक असणे रुग्णाच्याच हिताचे आहे. तेथे प्रश्न शरीराचा आहे. रेल्वे पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला शक्यतो खालची शायिका देते. तेथे प्रश्न सवलतीचा आहे. शिरगणतीत तो मोजणीचा आहे. पण वाचनालयाच्या सभासदत्वाच्या अर्जात तो कशासाठी असतो? बहुधा जुन्या अर्जात होता म्हणून.

शिवाय भाषेचीही अडचण आहे. आपल्या ‘लिंग’ या एका शब्दात शरीर, व्याकरण आणि सामाजिक ओळख हे तिन्ही अर्थ कोंबलेले आहेत. अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ हा शब्द घडविला आहे, पण अर्जांवर तो क्वचितच दिसतो. केवळ दोन निरनिराळे प्रश्न छापल्यानेही काम भागत नाही. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या शिरगणतीत, जन्मावेळी नोंदलेले लिंग व आजची ओळख एकच आहे काय, असे विचारले गेले. ज्यांना इंग्रजी नीट येत नव्हते, त्यांच्यापैकी काहींना प्रश्नच समजला नसावा, असे पुढे आढळले, आणि त्या आकड्यांचा दर्जा कमी करावा लागला. बहुभाषी भारताने यापासून धडा घ्यावा. आपली पुढील शिरगणती १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची म्हणून जाहीर झाली आहे.

जो कोणी अर्ज तयार करतो, त्याला माझी विनंती तीन गोष्टींची आहे. या माहितीचे आपण काय करणार, ते आधी स्वतःला विचारा. उत्तर नसेल तर रकाना काढून टाका. उत्तर असेल तर ते अर्जावरच एका ओळीत छापा, म्हणजे शरीराविषयी विचारले आहे की ओळखीविषयी, हे भरणाऱ्याला कळेल. आणि उत्तर ज्याचे त्याला लिहू द्या. चेहऱ्याकडे पाहून कारकुनाने खूण करू नये.

लेखणी थांबली म्हणून मागे रांग खोळंबते, हे खरे आहे. रांगेतील आपण त्या वेळी थोडे थांबावे. ज्या माणसाने इतकी वर्षे उत्तर शोधले, त्याला ते लिहिण्यापुरता अवधी देणे फारसे अवघड नाही.