‘आधी’ म्हणजे किती?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



घरात तेलुगू, शेजारी कन्नड, बाजारात मराठी आणि दवाखान्यात हिंदी, असा दिवस काढणारी म्हातारी माणसं आपल्या सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना सगळ्या भाषा येतात, असं आपण कौतुकानं म्हणतो. औषधाच्या बाबतीत हे कौतुक महागात पडतं.

माझं आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलं. एकदा एक मराठी आजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या, ठरल्यापेक्षा पंधरा दिवस अगोदर. उठलं की चक्कर येते, म्हणाल्या. डॉक्टरांनी हिंदीत सांगितलं होतं, “सुबह आधी गोली, फिर नाश्ता.” आजींनी इमानेइतबारे तसंच केलं: आधी गोळी, मग नाश्ता. हिंदीतली ‘आधी’ म्हणजे अर्धी, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गोळी रोज दुप्पट जात होती. चूक ना डॉक्टरांच्या वाक्यात होती, ना आजींच्या कानात.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. इंग्रजीत ‘एकदा’साठी जो शब्द लिहितात, तोच त्याच अक्षरांत स्पॅनिशमध्ये ‘अकरा’ होतो. अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांना हा धोका चांगला ठाऊक आहे.

आता आमच्या चिठ्ठ्या पाहा. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, मूळ लॅटिन. बिड्या वळून बोटं झिजलेल्या बाईनं त्यातून काय समजावं? त्यापेक्षा पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा. सकाळला तेलुगूत आणि कन्नडमध्ये वेगळे शब्द आहेत, पण ‘रात्री’ तिन्ही भाषांत कळते. ‘सोमवार’ही कळतो. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. तिच्या पाकिटावर वार ठळक लिहिलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट पिशवीची. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाच्या घरी एकच औषध दोन नावांनी येतं आणि दोन्ही पोटात जातात. म्हणून दर भेटीला सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. त्यात दुखण्यावरची, परस्पर घेतलेली गोळीही हवी; अशा काही गोळ्या रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडाला त्रास देतात. एकादशी असो वा रोजा, ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. उपवासाचं डॉक्टरांना आधी विचारा. इथं ‘आधी’ म्हणजे अगोदरच, बरं का!

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे “समजलं का?” हा प्रश्न सोडून द्या. त्याला म्हातारं माणूस भिडेपोटी “हो”च म्हणतं. नातवाला दुभाषी केलं तर तो पाच वाक्यांचं एक करतो. त्याऐवजी म्हणा, “आजी, घरी सुनेला कसं सांगाल, ते मला सांगा. गोळी अर्धी करून दाखवा.” ही परीक्षा आजींची नसते, सांगणाऱ्याची असते. त्या चुकल्या तर आपण पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत. याला दोन मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

तर आज घरी गेल्यावर आईला “औषध घेतलंस का?” एवढंच विचारून थांबू नका. पिशवी समोर ठेवा. कोणती, किती, कधी, हे तिला तिच्या भाषेत सांगू द्या, आणि तुम्ही ऐका.