उंबराखालचा झरा
(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला एका बाईची गोष्ट सांगणार आहे. बाई आपल्या मुलखातली नव्हे. समुद्रापलीकडे आफ्रिका खंड आहे. त्यात केनिया नावाचा देश आहे. तिथल्या डोंगराळ भागात, एका शेतकरी कुटुंबात, १९४० साली ती जन्मली. पुढे वांगारी माथाई या नावाने ती जगाला ठाऊक झाली.

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबची गोष्ट आम्हांला कशाला? ऐका तर खरं. ही गोष्ट झाडाची आहे, पाण्याची आहे आणि शाळेची आहे. ही तिन्ही आपल्याही गावात आहेत.

वांगारीच्या घराजवळ एक मोठे झाड होते. आपल्या वड-उंबरांच्या कुळातले. आपण त्याला उंबरच म्हणू. लहानगी वांगारी सरपण गोळा करायला जाई. आई तिला बजावीत असे की, त्या झाडाची काटकीसुद्धा आणायची नाही, ते देवाचे झाड आहे. तिथे सगळेच तसे मानत. ते झाड कोणी तोडत नसे, चुलीत घालत नसे.

झाडाजवळून एक झरा निघत होता. पाणी अगदी नितळ. पोर तिथे तासन्‌तास रमायची. पाण्यात बेडकीची अंडी मण्यांसारखी दिसत. त्यांची माळ करावी म्हणून ती हात घाली, आणि ते मणी हातातच फुटून जात.

पोरगी आठ वर्षांची होत आली, तरी शाळेत नव्हती. एके दिवशी तिच्या थोरल्या भावाने आईला विचारले, "आम्ही शाळेत जातो, मग वांगारी का जात नाही?"

मंडळी, विचार करा. वांगारी ही घरातली थोरली मुलगी. शेतात, सरपणाला, धाकट्यांना सांभाळायला तिचा हात लागत होता. आई नाही म्हणाली असती, तर कोणी तिला बोल लावला नसता. पण न पाठवण्याजोगे कारण आईला दिसेना. ती हो म्हणाली. त्या एका शब्दावर पुढचे सगळे उभे राहिले.

शाळेच्या वाटेवर नात्यातला एक मुलगा तिच्यासोबत होता. तो वाटेत बसला. वहीवर त्याने काही लिहिले, मग रबराने पुसले. वांगारी बघतच राहिली. लिहिता येते, पुन्हा पुसताही येते! तिला ती जादूच वाटली. आपल्यालाही हे आलेच पाहिजे, असे तिने मनात घेतले. तुमच्यापैकी किती जणांना पहिल्या दिवशी पाटीकडे बघून असेच वाटले असेल!

वांगारी शिकत गेली. अकराव्या वर्षी ती वसतिगृहाच्या शाळेत राहायला गेली. १९६० साली केनियातल्या सुमारे तीनशे मुलामुलींना शिकायला अमेरिकेला नेले. त्यांत ती होती. तिथे तिने जीवशास्त्र घेतले. जीवशास्त्र म्हणजे झाडे, प्राणी, किडे कसे जगतात याचा अभ्यास. १९६४ साली ती पदवीधर झाली. मग पिट्सबर्ग शहरात आणखी वरची पदवी घेतली. १९६६ साली ती मायदेशी परतली.

आल्या आल्या धक्का बसला. पत्राने कबूल झालेली नोकरी दुसऱ्यालाच दिली होती. पण ती खचली नाही. जनावरांच्या डॉक्टरांना जिथे शिकवतात, तिथे तिने काम धरले. काम करता करता पुढे अभ्यास केला.

पदवी मिळाली की शिक्षण संपले, असे आपल्याला वाटते. तसे नाही. पुढेही शिक्षण असते. तिथे नुसते पाठ करून भागत नाही. एक प्रश्न घ्यायचा. त्याच्या मागे वर्षानुवर्षे लागायचे. बघायचे, मोजायचे, लिहायचे. मग जे सापडले ते जाणत्यांपुढे मांडायचे. ते पटले, तर डॉक्टर ही पदवी मिळते. औषध देणारा डॉक्टर निराळा, हा निराळा. १९७१ साली वांगारीबाईंना ती पदवी मिळाली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ती मिळवणारी ही पहिली बाई.

पुढे त्यांनी गोचिडीचा अभ्यास हाती घेतला. गोचिडीमुळे गुरांना ताप येतो, गुरे दगावतात. आपल्याकडेही हे दुखणे आहे. बाई गोचिड्या गोळा करीत रानोमाळ हिंडू लागल्या. तेव्हा त्यांना काय दिसले? गुरांच्या बरगड्या दिसत होत्या. चारा नव्हता. पावसात नद्या तांबड्या वाहत होत्या. ते नुसते पाणी नव्हते, शेताची माती वाहून चालली होती. बाईंच्या ध्यानात आले, गुरांना खरा धोका नुसत्या गोचिडीचा नाही. जमीनच उघडी पडली आहे.

मग त्या आपल्या गावी गेल्या. देवाचे झाड जागेवर नव्हते. जमिनीचा मालक बदलला होता. झाड फार जागा अडवते म्हणून त्याने ते तोडले होते आणि चहा लावला होता. झरा आटला होता. बेडक्याही नव्हत्या आणि ते मणीही नव्हते.

झाड गेले तर झरा का आटावा? मोठ्या झाडाची मुळे खोल जातात. खडकाच्या फटींत शिरतात. त्या वाटेने पावसाचे पाणी जमिनीत मुरते. वरचा पालापाचोळा पाणी धरून ठेवतो. झाड गेले की पाणी मुरत नाही, वरच्यावर धावते, आणि जाताना माती घेऊन जाते.

परक्यांच्या राजवटीत लोकांना शिकवले गेले की, झाडात कसला आला देव? लोकांनी ते ऐकले. पण झाडाखाली पाणी असते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आईने सांगितलेली गोष्ट आणि पुस्तकातली गोष्ट एकच होती. ते कळायला वांगारीबाईंना सात समुद्र ओलांडून परत यावे लागले.

पुढे काय केले? त्यांनी खेड्यातल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकली. सरपणाला लांब जावे लागते, पाणी नाही, पोरांना धड खायला मिळत नाही. बाई म्हणाल्या, मग झाडे लावू या. ५ जून १९७७ रोजी त्यांनी सात झाडे लावली. त्यांतली दोनच जगली! तरी काम सोडले नाही. तीच पुढे हरित पट्टा चळवळ झाली.

आधी सरकारी माणसे रोपे कशी करावीत ते शिकवायला आली. त्यांची भाषा बायकांना उमगेना. तेव्हा बाई म्हणाल्या, तुम्ही जन्मभर बी पेरत आलात, तेच ज्ञान वापरा. बायकांनी फुटक्या मडक्यांत माती भरली, बी टोचले. कोंबड्या-शेरडांपासून दूर, उंचावर मडकी ठेवली. रोपे तरारली. लावलेले रोप जगले, म्हणजे बाईला थोडे पैसे मिळत. नुसते लावून भागत नसे. म्हणून किती लावली, किती जगली, याची मोजदाद लिहून ठेवावी लागे. बघा, तिथेही अक्षर आणि आकडा कामाला आला.

वाट सोपी नव्हती. १९८९ साली नैरोबी शहरातल्या मोठ्या बागेत साठ मजली इमारत बांधायचे ठरले. बाई आडव्या आल्या आणि ती बाग वाचली. त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. पण रोपे लागतच गेली. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर तीन कोटींच्या वर झाडे लागली होती. ती बातमी कळली, तेव्हा त्यांनी काय केले असेल? एक झाड लावले.

२०११ साली त्या वारल्या. आपल्या शवपेटीसाठी झाड तोडू नका, असे त्यांनी सांगून ठेवले होते. लोकांनी बांबू आणि पाणवनस्पतींची पेटी केली.

मंडळी, मी आता थांबतो. घरी गेल्यावर दोन कामे करा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्याकडे कोणती झाडे तोडत नसत, आणि त्यांच्याजवळ पाणी होते का. सांगतील ते आपल्या वहीत लिहा. तुमचे अक्षर वाकडे असले तरी चालेल.

आणि दुसरे. घरात एखादी पोर सरपणाला जात असेल, शाळेत जात नसेल, तर त्या भावाचा प्रश्न स्वतःला विचारा: ही का जात नाही? उत्तर मिळाले नाही, तर उद्या सकाळी तिला शाळेत पोचवा.