स्वयंपाकघरांतील यंत्रांचें निदान आणि दुरुस्ती



आजचा माझा विषय कांहींजणांना क्षुल्लक वाटेल. परंतु पाहुणे दारांत उभे आणि वाटण व्हायच्या आधींच मिक्सर बंद, असा प्रसंग ज्या घरावर आला असेल, तेथील गृहिणीला तो तसा वाटणार नाहीं. स्वयंपाकघरांतील यंत्रें बिघडलीं असतां दोष कसा ओळखावा, आणि त्यांपैकीं कोणता घरच्या घरीं दूर करतां येईल, ह्याविषयीं मी बोलणार आहें.

पूर्वीच्या स्वयंपाकघरांतहि वस्तू बिघडत असत. जातें गुळगुळीत झालें कीं टांकी लावणारा येई. भांड्यांची कल्हई उडाली कीं कल्हईवाला दारावरून हांक देई. चुलीला तडा गेला तर घरांतील वडीलधारी बाई ती मातीनें लिंपून घेई. बिघाड डोळ्यांना दिसे, म्हणून त्याची भीति वाटत नसे. आजच्या यंत्राचें पोट झांकलेलें असतें, त्यामुळें तें थांबलें कीं आपण हतबुद्ध होतों. त्यांतून आपला जिल्हा डोंगरदऱ्यांचा. एखाद्या वाडींतून मिक्सर पिशवींत घालून एस. टी.नें रत्नागिरीस आणावा, चार दिवसांनीं पुन्हां फेरी मारावी, आणि दोष निघावा प्लगांतील एका सैल तारेचा! ह्यांत पैसा जातो, वेळ जातो, आणि कित्येकदां दुरुस्त होण्याजोगी वस्तु भंगारांत जाते.

आयुर्वेदांत दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी रोग्याची त्रिविध परीक्षा सांगितली आहे. यंत्रालाहि तीच लागू पडते. फक्त येथें एक पथ्य कडक आहे. स्पर्श करण्यापूर्वीं बटण बंद करून प्लग भिंतींतून काढून घेतलाच पाहिजे. घरांतील वीज २३० व्होल्टची असते. ओल्या हातांनीं व अनवाणी पायांनीं तिच्याशीं गांठ पडली तर ती प्राण घेऊं शकते. नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण घरांतील जोडणी उलट झालेली असली तर बटण बंद असूनहि यंत्रांत वीज राहते.

आतां मिक्सरच घ्या. आपल्या देशी मिक्सरचा इतिहासहि एका बिघाडापासून सुरू होतो. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर ह्यांच्या घरीं परदेशी बनावटीचा मिक्सर होता. आपल्याकडील वाटणाचा भार त्याला पेलला नाहीं व त्याची मोटर जळाली. तेव्हां आपल्या डाळींना आणि मसाल्यांना पुरी पडेल अशी मोटर योजून माथुरांनीं १९६३ सालच्या सुमारास ‘सुमीत’ मिक्सर सिद्ध केला. ह्यावरून ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, मोटर बहुधा अतिभारानें जळते. भांडें निम्मेंच भरावें, खोबऱ्यांत थोडें पाणी घालावें, आणि यंत्राला मधून मधून विसांवा द्यावा.

मिक्सर मुळींच चालत नसेल, तर प्रथम त्याच जागीं एखादा दिवा लावून पाहावा. दिवा लागला नाहीं, तर दोष मिक्सरचा नव्हे, भिंतींतील जोडणीचा. दिवा लागला, तर प्लग काढून मिक्सर उलटा करावा. पुष्कळ मिक्सरांच्या तळाशीं एक लहान तांबडें बटण असतें. भार वाढला कीं तें बाहेर येऊन वीज तोडतें. यंत्र निवूं द्यावें, आणि मग तें दाबावें. यंत्र घुमतें पण फिरत नाहीं, असें असेल, तर भांडें काढून क्षणभर चालवून पाहावें. मोटर मोकळी फिरली, तर दोष भांड्यांत आहे. पात्याची दांडी गंजून किंवा वाटण सुकून अडकली असेल. मोटर फिरते पण पातें फिरत नाहीं, तर दोहोंना जोडणारा रबरी किंवा प्लॅस्टिकचा कपलर झिजला आहे. तो अल्प किंमतींत मिळतो आणि घरीं बसवितां येतो. तळाशीं मोठ्या ठिणग्या दिसूं लागल्या, तर कार्बन ब्रश झिजले असावेत. तें काम कारागिराकडे द्यावें. पाहा, दोष येथें कीं तेथें, असा एकेक प्रश्न विचारीत गेलें, कीं शोधाचें क्षेत्र दरवेळीं निम्मे होतें.

कुकरची गोष्ट ह्याहून सोपी. कुकरांत वाफेचा दाब वाढल्यामुळें पाणी सुमारें १२० अंश सेल्सिअसवर उकळतें, म्हणून डाळ लवकर शिजते. कडेनें वाफ निसटूं लागली, तर झांकणाची रबरी रिंग ताठ झाली आहे, ती बदलावी. शिटी ज्या नळीवर बसते, ती रोज उजेडासमोर धरून पाहावी. आरपार दिसलें पाहिजे. सुरक्षेची झडप उडाली, तर त्याच बनावटीची नवी बसवावी. तें भोंक दुसऱ्या कशानेंहि बुजवणें म्हणजे घरांत स्फोटक ठेवणें होय.

गॅसची ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यांचे बूड काळें पडूं लागलें, तर हवा कमी पडत आहे. बर्नर निवल्यावर काढून त्याचीं छिद्रें साफ करावीं. नळीची शंका आली, तर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावें. काडी पेटवून कदापि पाहूं नये. हा वायु हवेपेक्षां जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारेंखिडक्या उघडाव्या, विजेच्या कोणत्याहि बटणास हात लावूं नये, आणि बाहेर जाऊन १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें.

आपल्या किनाऱ्याचा एक खास शत्रु आहे, तो म्हणजे खारी हवा. मीठ ओल धरून ठेवतें, त्यामुळें प्लगच्या पितळी दांड्यांवर हिरवट पुटें चढतात. जोड सैल किंवा मळका झाला कीं तेथें उष्णता निर्माण होते. म्हणून प्लग हाताला गरम लागला, तर समजावें कीं दोष तेथेंच आहे. बारीक पॉलिश कागदानें दांड्या घासाव्या. भिंतींतील जागा काळवंडली असेल, तर ती वायरमनकडून बदलून घ्यावी. प्लगची जाड व लांब तिसरी दांडी कोणी मोडून टाकतात. ती अर्थिंगची, म्हणजे आपल्या जिवाच्या रक्षणाची असते. यंत्राला हात लावतांना मुंग्या आल्या, तर तें तत्काळ बंद करावें.

२२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या पुराचें पाणी चिपळुणांत घरोघरीं शिरलें, तें आपण विसरलों नाहीं. अशा वेळीं पाणी ओसरतांच “चालतें का पाहूं” म्हणून यंत्र लावून पाहण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. आधीं घराचा मुख्य स्विच बंद असल्याची खात्री करावी. यंत्रांतील चिखल सुकला तरी तो पुन्हां ओल धरतो आणि त्यांतून वीज वाहते. म्हणून बाहेरचा गाळ पुसून यंत्र वाऱ्यावर ठेवावें, आणि वायरमननें आंतून साफ करून, सुकवून, मेगर नांवाच्या उपकरणानें तपासल्याखेरीज तें लावूं नये. इतका धीर धरला, तर पुष्कळ यंत्रें पुन्हां कामास येतात.

आणि जेथें हात लावूंच नये अशा जागाहि सांगतों. मायक्रोवेव्हच्या आंतील कपॅसिटरमध्यें प्लग काढल्यावरहि प्राणघातक विद्युत्‌भार राहूं शकतो. फ्रिजचा बंद वायुमार्ग उघडूं नये. कित्येक नव्या फ्रिजांतील वायु ज्वालाग्राही आहे. गॅसचें सिलिंडर व रेग्युलेटर हे तर वितरकाचेंच काम. ह्या मर्यादा पाळणें हाहि दुरुस्तीच्या ज्ञानाचाच भाग आहे.

शेवटीं एक विनंती. खणांत एक पेचकस, एक टेस्टर, कुकरची एक जादा रिंग आणि एक लहान वही ठेवावी. कोणतें यंत्र केव्हां व कशानें बिघडलें, तें तींत टिपून ठेवावें. आणि घरांतील मुलांना, मुलगा असो वा मुलगी, भिंतींतून काढलेला प्लग उघडून त्यांतील तीन तारा एकदां अवश्य दाखवाव्या. गांवांत कारागीर मिळो न मिळो, त्यांच्या घरांतील चूल एका सैल तारेपायीं अडून राहणार नाहीं.