अंतर, गोंगाट आणि कानाचे मशीन

कानाला मशीन लावले की ऐकू आलेच पाहिजे, आणि नाही आले तर दोष मशीनचा किंवा म्हाताऱ्याच्या हट्टाचा, असा आपला सरसकट समज आहे. मला तो मान्य नाही. मशीनचा माइक श्रोत्याच्या कानापाशी असतो, वक्ता मात्र दूर व्यासपीठावर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो; बंद दालनात भिंतींवरून परतणारा नाद त्यात मिसळतो. कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद आठवा: अंगण नाही, सारी वास्तू छताखाली. अशा घुमटांखाली शब्द घुमतो. धड कानाचा माणूस त्यातून अक्षरे वेचतो; आतल्या कानाच्या पेशी झिजल्या की ते जमत नाही. म्हणून ‘कर्णा मोठा करा’ हे उत्तर नव्हे. त्याने शब्द वाढतो, तसा घुमाराही वाढतो.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ही अडचण दुणावते. औराद, भालकी किंवा आळंदमधल्या पुष्कळ मुलांची घरची भाषा मराठी, कचेरीची कन्नड, बाजारातली दखनी उर्दू. ऐकताना निसटलेले अक्षर आपण अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज मुरलेल्या भाषेतच नीट चालतो. म्हणजे कमी ऐकू येणाऱ्या मुलाला कन्नडच्या तासाला आवाज अधिक स्वच्छ मिळायला हवा; मिळतो तोच, मागच्या बाकावरचा. शिक्षकाच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर आणि मुलाच्या मशीनला रिसीव्हर दिला, तर हे अंतर जवळजवळ पुसले जाते. सभागृहासाठी युक्ती आणखी जुनी आहे. कडेने तांब्याची तार फिरवून ती माइकच्या ॲम्प्लिफायरला जोडायची. मशीनमध्ये टेलिकॉइल हे बारीक वेटोळे असेल आणि बटण ‘टी’वर असेल, तर तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून वक्त्याचा शब्द थेट कानात उतरतो. पंख्याची घरघर बाहेरच राहते.

‘आधी मशीन तरी मिळू द्या,’ असे कोणी म्हणेल. केंद्राची एडिप योजना १९८१पासून मशीन देते. तिची शिबिरे वाढावीतच. पण मशीन कानाला जुळवून घ्यायला फेऱ्या माराव्या लागतात आणि जाणत्या संस्था दूर आहेत: एक म्हैसूरला, दुसरी मुंबईत. म्हणून तर जवळच्या सभागृहाने आपला वाटा उचलावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ब्लूटूथच्या नव्या प्रसारणापुढे तार जुनी ठरेल. ठरेलही. शिवाय वायरिंग सदोष असेल तर तारेतून गुणगुण येते, आणि प्रत्येक मशीनमध्ये टेलिकॉइल नसतेच. तरी आज कानांवर असलेली मशीने उद्याच्या तंत्रासाठी थांबवून ठेवणे हा शहाणपणा नव्हे. गावात नवे सभागृह उभे राहत असेल, तर फरशी बसण्याआधी तार टाकून घ्या. आणि शिबिरात मशीन हातात पडताच त्यात ‘टी’ आहे का, हे विचारा.