विश्वाचा वेग आणि हिंगोलीची वेधशाळा

विश्वाचे प्रसरण कृष्ण ऊर्जेमुळे, म्हणजे १९९८ साली पुढे आलेल्या पण स्वरूप अद्याप न उलगडलेल्या कारणामुळे, वेग घेत आहे असे मानले जात असले, तरी त्याच्या आजच्या दराविषयी एकमत नाही. आदिम विश्वातून आलेल्या सूक्ष्मलहरींवरून तो दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला ६७ किलोमीटर ठरतो, तर तारे व अतिनवताऱ्यांवरून ७३. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित असलेल्या, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचे महत्त्व इथेच आहे; कारण विलीन होणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरींवरून अंतर थेट काढता येते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपलेल्या अशा लहरींनी सुमारे ७० हा आकडा दिला, पण त्यातील अनिश्चितता एवढी, की दोन्ही पक्ष त्यात सुखाने मावले.