आधी ‘आ’ करायला सांगा



स्वागत समितीच्या वतीने आपलं नागपुरात मनापासून स्वागत करतो. थंडी पडली आहे, संत्री बाजारात आहेत आणि बाहेर तर्रीपोहे तयार आहेत. ज्यांचं तोंड आलं असेल त्यांच्यासाठी साधे पोहे वेगळे ठेवलेत. दंतवैद्यांच्या परिषदेत एवढी काळजी घ्यायलाच हवी.

श्वसनमार्गाचे विषाणूसंसर्ग आणि मुखविकार हा विषय ठरवताना समितीत थोडी खडाखडी झाली. ‘कोविड संपला, आता इम्प्लांट ठेवा, लेझर ठेवा, हॉल भरेल,’ असं काहींचं म्हणणं होतं. मी हट्टाला पेटलो. हॉल तरीही भरला आहे, हे त्या मित्रांनी पाहून घ्यावं.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे दात कोरणारे आपले एअरोटर थांबले. तुषार उडवणारं आपलं काम, ते थांबणं बरोबरच होतं. पण त्याच वेळी सगळ्यांच्या तोंडावर मास्क आला आणि तपासणी फोनवर गेली. वॉर्डात ऑक्सिजनची पातळी पाहिली जायची, सीटी स्कोअर विचारला जायचा. तोंड उघडायला कुणी सांगत नव्हतं. पीपीई घालून, धुरकटलेल्या फेसशील्डमधून राउंड घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण पाहण्यासारखं पुष्कळ होतं. चव गेलेली, तोंडाला कोरड, जिभेवर, ओठांवर, टाळूवर व्रण, कॅन्डिडाचा पांढरा थर, दबून बसलेल्या हर्पिसने पुन्हा काढलेलं डोकं.

यातलं विषाणूचं किती? लाळग्रंथींच्या आणि तोंडाच्या अस्तराच्या पेशींना कोविडचा विषाणू बाधित करू शकतो, हे 2021 साली ‘नेचर मेडिसिन’मधल्या संशोधनाने दाखवलं. पण म्हणून प्रत्येक व्रण त्याच्याच नावावर लिहायचा नसतो. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, कित्येक दिवस दात घासलेले नाहीत, अँटिबायोटिक्स चालू, स्टेरॉइड चालू, घरची काळजी वेगळीच. अशा तोंडात काहीच उठलं नाही तर नवल. ‘कोविड जीभ’ म्हणून ज्या फोटोंचा गाजावाजा झाला, त्यांतल्या कित्येकांची नकाशासारखी जीभ जुनीच असेल. आरशात नीट पाहायला सवड लॉकडाउनने दिली. इथे शोधनिबंध वाचणाऱ्या तरुणांना माझं सांगणं आहे की फोटो दाखवण्याआधी रुग्णाची साखर आणि औषधं सांगा.

साखर आणि औषधं म्हटलं की 2021 चा मे महिना आठवतो. काटोलकडचे एक शेतकरी आले होते. कोविडमधून उठलेले, मधुमेह होताच. तक्रार एवढीच की वरची दाढ हलते. मी बोट लावलं तर एक दाढ नाही, शेजारचे तीन दात हाडासकट एकत्र हलत होते. हिरडीतून पू येत होता, गाल बधिर झाला होता आणि टाळूवर राखाडी डाग होता, कडेने काळा पडत चाललेला. दाढ काढून अँटिबायोटिक लिहून दिलं असतं तर आठवडा गेला असता. केओएच तपासणीत बुरशीचे रुंद तंतू दिसले आणि रुग्ण त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या सर्जनकडे गेला. वरचा अर्धा जबडा गेला, डोळा वाचला. आज ते टाळूची पोकळी बंद करणारा ऑब्च्युरेटर लावून जेवतात.

त्याच महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिस, म्हणजे हाच बुरशीचा आजार, हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार जाहीर करायला सांगितलं. या बुरशीमागे साखरेबरोबर स्टेरॉइडही होतं. ब्रिटनमध्ये कोविडवरच्या उपचारांच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा डोस होता दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस, आणि फायदा दिसला तो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांना. आपल्याकडे हे औषध लोकांनी घरबसल्या, साखर न तपासता घेतलं. पुढची किंमत जबड्याने आणि डोळ्याने मोजली.

तोंडात आधी दिसणारा आजार काही नवा नाही. कोविडसारखा गोवरही श्वासावाटेच पसरतो. अंगावर पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी गालाच्या आत, दाढांसमोर, लालसर अस्तरावर बारीक पांढुरके ठिपके येतात. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी ते 1896 मध्ये नोंदवले. 2022 मध्ये गोवंडीत, मालेगावात गोवर पसरला तेव्हा हे जुनं ज्ञान कामाचंच होतं. फक्त कुणीतरी मुलाला ‘आ’ करायला सांगायला हवं होतं.

नागपूरकर म्हणून एक बढाई मारतो. नाकात काडी घालायच्या ऐवजी सलाईनच्या गुळण्यांतून आरटीपीसीआर करण्याची पद्धत आपल्या नीरी या संशोधन संस्थेत विकसित झाली आणि मे 2021 मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. तोंड निदानाची जागा आहे, हे सांगायला आपल्याला दूर जावं लागत नाही.

या परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. पुढच्या कुठल्याही साथीत जिल्हा रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षात रोज तोंडाची तपासणी आणि तोंडाची स्वच्छता झाली पाहिजे, आणि त्यासाठी दंतवैद्य नेमला पाहिजे. खर्च फार नाही. टॉर्च, आरसा, मास्क, हातमोजे. मसुदा आपल्या पिशवीत आहे. दुरुस्त्या दुपारच्या जेवणापर्यंत कार्यवाहांकडे द्याव्यात, त्यानंतर आलेल्या घेतल्या जाणार नाहीत. आता उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी माइकचा ताबा घ्यावा.